बाबांच्या ‘जनता’ची तबकडी

(ऐकण्याऐवजी वाचायला आवडतं अशा मंडळींसाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. मागे एकदा बोलता बोलता मी म्हणून गेलो होतो की घरी घड्याळाची तबकडी बनवतोय. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की तबकडी म्हणजे नक्की काय बनवता, छापून आणता का, आणि मुळात कशासाठी? तर आज ते सगळं सांगतो. कसं केलं ते सांगतो आणि कुठे कुठे वाट लागली तेही सांगतो, कारण तुम्हाला कधी करावंसं वाटलं तर तेच जास्त उपयोगी पडेल.

आधी घड्याळाबद्दल. एचएमटी जनता. चावीचं घड्याळ, १७ ज्वेलचं, तारीख नाही, वार नाही. एचएमटीने १९६१ साली बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्यानंतरच्या पिढीतल्या कुणाच्या ना कुणाच्या मनगटावर तुम्ही एचएमटी पाहिलं असेलच. आमच्या बाबांनी हे १९७४ साली घेतलं, नोकरीत कायम झाल्यावर. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी चावी देणार. अंगठा आणि बोटाच्या मधे ते बटण फिरवतानाचा करकर आवाज म्हणजे आमच्या घरातली सकाळ.

दोन वर्षांपूर्वी मी ते घड्याळ साफ करायला घेतलं. यंत्र साफ करणं, तेल देणं मला बऱ्यापैकी जमतं. ते सगळं नीट झालं. मग तबकडीकडे बघितलं, तर तिच्यावर पिवळट डाग. पन्नास वर्षांचा घाम, दमट हवा, सगळं त्यात होतं. मी म्हटलं, एवढं केलंच आहे तर हेही करू. कानात घालायचा कापूस असतो ना, तो साबणाच्या पाण्यात जरासा ओला केला आणि सहाच्या आकड्याजवळ हलकेच फिरवला.

कापूस काळा झाला. मी खूश झालो, मळ निघतोय म्हणून. तो मळ नव्हता. ती छपाई होती.

झालं काय, की तबकडीवर छपाईच्या वर पारदर्शक लॅकरचा एक थर असतो. जुन्या घड्याळात त्याला बारीक बारीक चिरा गेलेल्या असतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. पाणी त्या चिरांतून आत शिरलं आणि लॅकर छपाईला घेऊन उठलं. चार ते आठ, एवढा भाग दहा सेकंदांत गेला. म्हणून आजच्या भागातलं बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, पण हे ठेवा: जुन्या घड्याळाची तबकडी पुसायची नाही. रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवायची आणि हात मागे घ्यायचा. डाग असले तर असू देत.

बाबा काय म्हणाले

दोन दिवस मी घड्याळ दिलंच नाही. भाग यायचाय, तेल वाळायचंय, काहीही सांगत होतो. तेल काय वाळतं? तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं. बाबा, माझ्या हातून तबकडी खराब झाली. अर्धे आकडे गेले.

बाबा म्हणाले, “जाऊ दे रे. तसंही मला कुठे दिसत होतं.”

मला आधी वाटलं, माझं मन राखायला म्हणतायत. मग आईकडे पाहिलं, तर ती खाली बघून भाजी निवडत होती. तिला माहीत होतं. गेलं वर्षभर बाबा सकाळी चावी देत होते, घड्याळ हातावर बांधत होते आणि किती वाजले ते तिला विचारत होते. कुणी बाहेरचं आलं की मनगट वर करून बघितल्यासारखं करायचे. घड्याळ चालू आहे की नाही, ते कानाला लावून कळायचं.

त्यांना मॅक्युलर डीजनरेशन आहे, कोरडा प्रकार. म्हणजे डोळ्याच्या आत मागे जो दृष्टिपटल असतो, त्याचा नेमका मधला भाग हळूहळू निकामी होतो. कडेचं दिसतं, पण आपण जिथे बघायला जातो तिथेच धूसर ठिपका येतो. म्हणून ती माणसं समोरच्याशी बोलताना जराशी बाजूला बघितल्यासारखी बघतात. हे मला माहीत होतं, डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो होतो. पण पेपर वाचता येत नाही, औषधाचं नाव वाचता येत नाही, यातून मनगटावरचं घड्याळही वाचता येत नसणार, हे डोक्यात आलंच नाही.

तुम्ही म्हणाल, बोलणारं घड्याळ मिळतं की. मिळतं. बाबांकडे एक आहे, बहिणीने आणलेलं. ते कपाटात आहे. कारण काय, तर “चारचौघांत ते ओरडतं.”

तर आता माझ्यापुढे तीन वाटा होत्या. एक, तशीच जुनी तबकडी शोधायची. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, त्यामुळे सुटे भाग आता जुन्या साठ्यातूनच मिळतात. दुसरी, रिडायल. म्हणजे जुनी तबकडी घासून, रंगवून, त्यावर पुन्हा छपाई. आज बाजारात चकचकीत, रंगीबेरंगी तबकडीची जी जुनी एचएमटी दिसतात, त्यातली बरीचशी अशी रिडायल केलेली असतात. रिडायलला माझा विरोध नाही. विकणाऱ्याने तसं सांगून विकावं, एवढंच. पण या दोन्ही वाटांनी जाऊन मिळणार काय होतं? बाबांना न दिसणारी अजून एक तबकडी.

म्हणून तिसरी वाट. त्यांना दिसेल अशी नवीन बनवायची. कारखान्याला लाखो डोळ्यांसाठी एक तबकडी करावी लागते. मला एका माणसासाठी करायची होती.

आधी कागदावर

धातूला हात लावायच्या आधी मी तीन आठवडे नुसते कागद कापले. तबकडीचा व्यास सुमारे ३० मिलिमीटर. तेवढ्या कागदी चकत्या, त्यावर वेगवेगळ्या जाडीच्या रेघा, वेगवेगळे आकडे. त्यावर कागदाचेच काटे. बाबांना विचारायचं, किती वाजलेत? सकाळी खिडकीशी, दुपारी, रात्री ट्यूबलाइटखाली.

त्यातून जे कळलं ते मला स्वतःला कधीच सुचलं नसतं. पहिलं म्हणजे आकडे नकोत. आकडे वाचायला डोळा तिथे रोखावा लागतो आणि रोखला की तोच धूसर ठिपका आडवा येतो. नुसत्या जाड रेघा असल्या तर त्या डोळ्याच्या कोपऱ्यातूनही जाणवतात. फक्त वर १२ हवेत, घड्याळ उलटं तर धरलं नाही ना हे कळायला. दुसरं, मिनिटांच्या बारीक रेघा काढून टाकायच्या. त्यांचा सगळ्यांचा मिळून राखाडी पट्टा दिसतो. तिसरं, चमक नको. मी एका चकतीवर चंदेरी कागद लावला होता, काय सुंदर दिसत होता. बाबा म्हणाले, “हे काय, आरसा आहे का?” चौथं, मूळचे काटे रुपेरी, मागे तबकडी फिकी, म्हणजे काटे त्यात विरघळूनच जातात. काटे काळे हवेत. आणि पाचवं त्यांनी स्वतःहून सांगितलं: “काटे दोनच ठेव. तिसरा मधे मधे येतो.”

म्हणजे ठरलं. चमक नसलेली चंदेरी पांढरी जमीन, बारा जाड काळ्या रेघा, वर १२, दोन काळे काटे.

करायची कशी

आता ही रेघ काळी करायची कशी? रंगाने छापली तर ती वर बसते आणि वरच राहते. कारखान्यात छपाईला पॅड प्रिंटिंग वापरतात. कोरलेल्या प्लेटमधली शाई मऊ पॅडवर घ्यायची आणि ती तबकडीवर टेकवायची. माझ्याकडे ते यंत्र नाही. मीनाकारीचा विचार केला होता. पण त्याला तांब्याच्या चकतीवर काचेची पूड ठेवून साधारण आठशे अंशांत भाजावं लागतं, मागच्या बाजूलाही थर द्यावा लागतो, नाहीतर चकती वाकते. आमच्या बंद केलेल्या बाल्कनीत, शेजारी वॉशिंग मशीन असताना, भट्टी? नको.

मग मी दोन-अडीचशे वर्षं मागे गेलो. अठराव्या शतकातली इंग्लिश उभी घड्याळं तुम्ही संग्रहालयात पाहिली असतील, माणसाच्या उंचीची. त्यांच्या पितळी तबकडीवर आकड्यांचं जे पांढरट कडं असतं, ते रंगवलेलं नसतं. आकडे पितळेत कोरायचे, कोरलेल्या चरांत काळी लाख वितळवून भरायची, वरून घासून सपाट करायचं आणि मग पितळेवर चांदीचा हात द्यायचा. लाखेवर चांदी चढत नाही, ती काळीच राहते. या कामाला भट्टी लागत नाही, वीजही लागत नाही. जे लागतं ते सगळं पुण्यात मिळतं.

पत्रा आणि हत्यारं मी बोहरी आळीतून आणली. सोनारी करवत, बारीक पाती, कोरणीसाठी पोलादी कांड्या. छोटा लेथ माझ्याकडे होता, दुकान बंद करणाऱ्या एका घड्याळजींकडून घेतलेला, हातभर लांबीचा. आता या लेथची एक गंमत सांगतो. त्याच्या पुलीवर गोलाकार ६० भोकं असतात. त्यात खिट्टी अडकवली की लेथ तिथेच थांबतो. साठ भोकं, म्हणजे प्रत्येक मिनिटाला एक. मला बाराच रेघा हव्या होत्या, म्हणून दर पाचव्या भोकाला थांबायचं. चकतीची विभागणी शून्य गणितात झाली. ज्या माणसाने ही पुली बनवली त्याला साष्टांग नमस्कार.

पहिल्या तीन तबकड्या

पहिली तबकडी. पत्रा घेतला ०.७ मिलिमीटरचा, कोरायला जाड बरा म्हणून. करवतीने गोल कापला, मधे भोक पाडलं, रेघा कोरल्या. आणि चकतीची झाली पापडी. वाकली. इकडून दाबली की तिकडून उठायची. मी ती घेऊन तांबट आळीत गेलो. तिथे मठारकाम चालतं, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके देऊन ते घट्ट करायचं आणि त्याला ती चकाकी आणायची. एका काकांना दाखवली. त्यांनी हातात घेऊन नुसती वाकवून बघितली आणि विचारलं, “तापवली होती का?” मी म्हटलं नाही. “मग ती रुसणारच.”

कारखान्यात रुळांखालून निघालेल्या पत्र्यात ताण असतो. त्यात चर कोरले की एका बाजूचा ताण सुटतो, दुसऱ्या बाजूचा नाही, मग पत्रा वाकतो. आधी मंद लाल होईपर्यंत तापवायचं, गार करायचं, दोन सपाट ठोकळ्यांमधे दाबून सरळ करायचं आणि मग कोरायचं. हे त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं. मला ते कळायला एक महिना आणि एक तबकडी लागली होती.

दुसरी तबकडी तापवून केली. छान सपाट झाली. पण पत्रा तोच, ०.७ चा. आता बघा, यंत्राच्या मधून दोन नळ्या वर येतात, एकात एक. बाहेरच्या नळीवर तासकाटा बसतो, आतल्या उंच दांड्यावर मिनिटकाटा. ती उंची ठरलेली. मूळ तबकडी मी व्हर्नियरने मोजली तर ०.४ मिलिमीटर भरली. माझी जाड, त्यामुळे तासकाट्याला पकडायला नळीचा जेमतेम कडा उरला. बसवला, हात हलवला, काटा निसटून सहावर लोंबकळायला लागला. ०.३ मिलिमीटर म्हणजे किती? तीन-चार कागदांची जाडी. तेवढ्यात तबकडी बाद.

तिसरी ०.५ च्या पत्र्यातून. इथे पायांचा घोटाळा झाला. तबकडीला मागे दोन पाय असतात, तांब्याच्या तारेचे, सुईएवढे. ते यंत्राच्या प्लेटमधल्या दोन भोकांत जातात आणि बाजूने बारीक स्क्रू त्यांना आवळून धरतात. त्या पायांची जागा मी पट्टीने मोजून घेतली. पाय बसले, पण जरा जोर लावून. घड्याळ लावलं, चाललं, आणि दर तासाला साधारण त्याच ठिकाणी अडखळायला लागलं. दोन रविवार मी यंत्रात दोष शोधत बसलो. दोष यंत्रात नव्हताच. पाय केसभर सरकल्यामुळे तबकडीचं मधलं भोक एका बाजूला गेलं होतं आणि त्याची कड तासकाट्याच्या फिरत्या नळीला घासत होती.

यावर उपाय सोपा आहे. मोजायचंच नाही. भंगारातलं तसंच एक यंत्र घ्यायचं, त्याच्या पायांच्या भोकांत टोकदार तारेचे दोन तुकडे बसवायचे, टोकं जराशी वर. मधल्या भोकात पिन घालून चकती बरोबर मध्यावर आणायची आणि वरून दाबायची. दोन ठिपके उमटतात. पाय तिथेच लावायचे. प्लेटलाच विचारायचं, पट्टीला नाही.

चौथी

चौथ्या तबकडीच्या वेळी मी भिंतीवर कामाचा क्रम लिहून लावला. नियम एकच: ज्या कामाला जास्त उष्णता लागते ते आधी. तापवून मऊ करणं पहिलं. मग चकती लेथवर लाखेने चिकटवायची, कड गोल करायची, रेघा कोरायच्या. कोरायला लेथ फिरवायचाच नाही. खिट्टी अडकवून तो थांबवायचा आणि पातं बाहेरून आत ओढायचं, दर वेळी थोडं खोल, रेघ हवी तेवढी खोल होईपर्यंत. वरचे १२ मात्र हाताने, कोरणीने. मग चकती गरम करून सोडवायची, स्पिरिटने लाख धुवायची.

त्यानंतर पायांना डाख द्यायचा, म्हणजे सोल्डर. तो दोनशे अंशांच्या अलीकडेच वितळतो. आणि त्यानंतरच चरांत काळी लाख भरायची, कारण लाख त्याच्या कितीतरी आधी मऊ होते. उलटं केलंत तर पाय लावताना सगळी लाख वाहून जाईल. चकती खालून हलकी गरम करायची आणि लाखेची कांडी चरांवरून फिरवायची. थंड झाल्यावर ते ध्यान बघवत नाही, सगळीकडे काळे ओघळ. मग सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून चकती त्यावर गोल गोल घासायची. आधी ४००, मग ६००, मग १०००. हळूहळू पितळ वर येतं आणि काळ्या रेघा जिथल्या तिथे राहतात, कडा एकदम स्वच्छ. या क्षणाला मी आईला हाक मारून दाखवलं होतं. शेवटी प्यूमिसची पूड, जुना टूथब्रश आणि पाणी. त्याने चमक मरते. बाबांचा आरसा मला परवडणारा नव्हता.

आता चांदी. सिल्व्हर नायट्रेट थोडंसं आणलं. ते पाण्यात विरघळवून त्यात मिठाचं पाणी ओतलं की फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका खाली बसतो. ते सिल्व्हर क्लोराइड. उजेडात ते काळवंडतं, म्हणून काळ्या बाटलीत ठेवायचं. त्यात साधं मीठ आणि बेकरीच्या सामानात मिळणारं क्रीम ऑफ टार्टर भरपूर घालून ओलसर लगदा करायचा. हा लगदा ओल्या कापसाने पितळेवर गोल चोळायचा. वीज नाही, काही नाही. पितळेतलं तांबं सुटतं आणि त्याच्या जागी चांदी बसते. मिनिटाभरात पिवळी चकती आधी करडी आणि मग पांढरी व्हायला लागते. मी हे चार वेळा पाहिलंय, चारही वेळा हात थांबला.

हातमोजे घाला, चष्मा घाला. सिल्व्हर नायट्रेट लागलेली त्वचा काळी पडते आणि आठवडाभर तशीच राहते, मला अनुभव आहे. चकतीला बोट लावू नका, जिथे बोटाचा तेलकटपणा असेल तिथे चांदी नीट चढत नाही. आणि धुवायला नळाचं पाणी नको, बॅटरीत घालायचं पाणी वापरा, भरपूर. माझ्या एका नमुन्याच्या तुकड्यावर मीठ राहून गेलं होतं, पुढच्या पावसाळ्यात त्यावर हिरवे ठिपके आले. उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, बाटलीत साठवायचं. शेवटी मॅट लॅकरचे दोन पातळ हात, कारण चांदीचा थर इतका पातळ असतो की उघडा ठेवला तर काळा पडणारच.

तासकाटा मी नवा कापला, मूळच्यापेक्षा रुंद, आणि दोन्ही काट्यांना काळा मॅट रंग दिला.

सगळं धरून पाच महिन्यांचे रविवार गेले. लेथ सोडला तर सामानाचा खर्च साडेतीन हजारांच्या आत. जॉर्ज डॅनियल्स नावाचे इंग्लिश घड्याळकार होते, आइल ऑफ मॅन या बेटावर राहायचे. यंत्रासकट जवळजवळ अख्खं घड्याळ ते आपल्या कार्यशाळेत स्वतः करायचे, तबकडीसुद्धा. १९८१ साली त्यांनी ते सगळं पुस्तकात लिहून ठेवलं. मी फक्त एक चकती केली आणि पाच महिने लागले. त्यांच्याबद्दल आधी आदर होता, आता थोडी भीतीही वाटते.

मग?

चौथी तबकडी निर्दोष नाही. १२ मधल्या २ ची शेपटी कोरताना कोरणी निसटली आणि एक बारीक ओरखडा उजवीकडे गेला. त्यातही लाख भरली, म्हणजे तो कायमचा झाला. सातची रेघ बाकीच्यांपेक्षा किंचित आखूड आहे. मी पाचवी करायच्या तयारीत होतो. बायको म्हणाली, आधी बाबांना दाखव तरी.

संध्याकाळची वेळ होती, ट्यूब लावली होती. बाबांनी घड्याळ हातात घेतलं, वास घेतला, का ते माहीत नाही. मग हात लांब केला, मान जराशी वळवली, जशी ते हल्ली वळवतात, आणि बराच वेळ बघत राहिले. मी काही बोललो नाही.

“सात… सात वीस?”

सात बावीस झाले होते.

मी म्हटलं, बाबा, मिनिटांच्या रेघा नाहीत, त्यामुळे अगदी बरोबर नाही कळणार. ते म्हणाले, “पाच मिनिटं इकडेतिकडे. मला कुठे लोकल पकडायचीय?”

मग त्यांनी ते कानाला लावलं. सवय.

आता खरं सांगायचं तर हे सगळं सुखान्त वगैरे नाही. अंधुक उजेडात त्यांना अजूनही दिसत नाही. आजार आहे तिथे आहे, तो हळूहळू वाढणार, हे डॉक्टरांनी सांगितलंय आणि आम्हा सगळ्यांना माहीत आहे. अजून दोन वर्षांनी या रेघाही पुरणार नाहीत कदाचित. पण सध्या दुपारी आई झोपलेली असली तर वेळ कळायला तिला उठवावं लागत नाही. कुणी घरी आलं की बाबा मनगट वर करतात आणि खरंच बघतात.

जुनी तबकडी, मूळचे तिन्ही काटे, सगळं एका डबीत घालून ठेवलंय. चार ते आठ पुसलेली का होईना, ती १९७४ ची आहे, फेकायचा अधिकार मला नाही. घड्याळाचं मागचं झाकण उघडलं तेव्हा आतल्या बाजूला बारीक ओरखड्यांनी दोन तारखा लिहिलेल्या सापडल्या होत्या. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणाच्या आत अशी खूण करून ठेवायचे, पुढच्याला कळावं म्हणून. मीही नव्या तबकडीच्या मागे सुईने लिहिलंय: घरी केलेली, तारीख, आणि मूळ तबकडी डबीत आहे. उद्या हे घड्याळ माझ्या मुलीकडे जाईल किंवा आणखी कुणाकडे. उघडणाऱ्याला हे कंपनीचं वाटायला नको.

तुमच्यापैकी कुणी हे करून बघणार असाल तर पहिली तबकडी देण्यासाठी करू नका, बिघडवण्यासाठी करा. आणि पत्रा कापायच्या आधी, ज्याच्यासाठी करताय त्याच्या हातात कागदाची चकती द्या. माझ्या पाच महिन्यांतले ते तीन आठवडे सगळ्यात कामाचे होते.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे कळवा. लेथ नसताना रेघा कशा आखायच्या हे दोघातिघांनी आधीच विचारलंय, त्यावर पुढच्या वेळी बोलू. चांदीचा हात देतानाचं रेकॉर्डिंगही करून ठेवीन म्हणतो. पण आधी मोजे घालून.

चला, भेटू. नमस्कार.